शिकवणं हाही उपचारच



संत जनाबाईंच्या गंगाखेडच्या आणि कृषी विद्यापीठाच्या या परभणी जिल्ह्यात स्वागत समितीच्या वतीनं मी आपलं मनःपूर्वक स्वागत करतो.

गुडघ्याच्या संधिवाताची परिषद परभणीतच का, असं काहींनी विचारलं. त्याचं उत्तर आमच्या रानात आहे. इथल्या बाया दिवस दिवस उकिडव्या बसून खुरपतात, वेचलेल्या कापसाचं ओझं डोक्यावर घेऊन बांध उतरतात. या सगळ्याचा भार गुडघ्यांवर पडतो. पण हे दुखणं फक्त आमच्यापुरतं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ साली जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे झिजेचा संधिवात होता. त्यांत ६० टक्के स्त्रिया, आणि सर्वाधिक त्रास गुडघ्याचाच.

‘गुडघ्यातलं वंगण संपलं, आता काही होत नाही’ हे वाक्य मला सर्वांत घातक वाटतं. ते ऐकून माणूस चालणं सोडतो. मग मांडीचे स्नायू सुकतात, वजन वाढतं आणि दुखणं बळावतं. झिजलेली कूर्चा पूर्ववत होत नाही, हे खरं. पण तिच्या भोवतीचे स्नायू सत्तरीतही बळकट होतात. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती खाली दाबत मांडी आवळायची, पाच-दहा अंक मोजून सोडायची. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. यासाठी मोठं रुग्णालय लागत नाही, कुणीतरी नीट करून दाखवावं लागतं.

डेन्मार्कमध्ये २०१३ पासून अशा रुग्णांना आधी आजार समजावून देतात, मग देखरेखीखाली व्यायाम शिकवतात. आपल्याकडं २०१७ मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा आली, ते चांगलंच झालं. ज्यांना शस्त्रक्रियेची गरज आहे, त्यांनी ती जरूर करून घ्यावी. पण एकही व्यायाम न शिकवता रुग्णाला थेट शस्त्रक्रियेच्या दारात उभं करणं मला अन्यायाचं वाटतं.

जगण्याची प्रत एक्स-रेवर उमटत नाही. शौचाला बसता येतं का, एसटीची पायरी चढता येते का, पंगतीत मांडी घालता येते का, हे विचारावं लागतं. शेगावची पालखी दरवर्षी याच जिल्ह्यातून पंढरीला जाते. तिच्यासोबत गावच्या वेशीपर्यंत तरी चालता यावं, एवढीच कित्येक आजींची इच्छा असते. आपल्या रुग्णतपासणीच्या तक्त्यांमध्ये या प्रश्नांना जागा हवी.

अभ्यागत विद्वानांना माझी एकच विनंती आहे. या परिषदेतून साध्या मराठीतला, चित्रांसह एकपानी व्यायामपाठ तयार करून द्या. पालम-सोनपेठच्या आशाताईला तो ओसरीवर बसून शिकवता आला पाहिजे. तो प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोचवायला स्वागत समिती आपल्याबरोबर राहील.