फलटण, पाटण, दहिवडी

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘मुलांचं लेखन-वाचन आणि पालक’ असा विषय दिला, तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. मी शिक्षिका नाही, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. पण ‘तू आई आहेस ना, मग बोल’ म्हटल्यावर सुटका राहिली नाही. या विषयात मी पहिल्या फटक्यात पास झाले नाही, हे आधीच सांगून टाकते.

सुरुवात आपल्या सातारच्या एसटी स्टँडवरून करते. माझे वडील, अण्णा, एसटीत कंडक्टर होते. तुमच्यातल्या निम्म्यांनी त्यांच्याकडून तिकीट घेतलंय. त्यांचं शिक्षण नववी. घरात पुस्तकं म्हणजे माझी अंकलिपी आणि शाळेचं पुस्तक, एवढीच. मी पहिलीत असताना आई मला संध्याकाळी स्टँडवर घेऊन जायची. अण्णा हिशेब भरून आले की माझा हात धरून फलाटांवरून एक फेरी मारायचे आणि गाड्यांच्या पाट्या वाचायला लावायचे.

आधी फलटण. काना नाही, मात्रा नाही, चार सुटी अक्षरं. मग पाटण, म्हणजे एक काना आला. मग वाई, मेढा, कोरेगाव. दहिवडीत पहिली वेलांटी ऱ्हस्व, दुसरी दीर्घ. म्हसवड आणि महाबळेश्वर सगळ्यात शेवटी, कारण जोडाक्षरं. अण्णांनी हा क्रम ठरवून लावला होता की आपसूक लागला, कोण जाणे. पण अभ्यासक्रम म्हणून आजही मला तो चोख वाटतो.

एकदा मी पहिलं अक्षर बघून ठोकून दिलं, “वाई!” पाटी वडूजची होती. अण्णा चिडले नाहीत. म्हणाले, “व काय एकट्या वाईचा हाय व्हय? फुडचं अक्षर बघ की. चुकीच्या गाडीत बसलीस तर मी कुठं हुडकू तुला?” मी पुढचं अक्षर बघितलं. मी सलग वाचलेलं पहिलं वाक्यही एसटीतलंच, ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’. ते वाचल्यावर अण्णांनी शेजारच्या प्रवाशाला सांगितलं, “माझी पोरगी.” एवढंच बक्षीस.

आता माझी पाळी. मुलगा दुसरीत गेला, तेव्हा त्याच्या वाचनाचं काम मी ऑफिसातल्या कामासारखं अंगावर घेतलं. फ्रिजवर वेळापत्रक, रोज वीस मिनिटं, मोबाइलवर घड्याळ लावलेलं. चूक झाली की तिथल्या तिथे पकडायची, दुरुस्त करून घ्यायची, पुढे जायचं. माझ्या धंद्यात हा गुण समजतात. दोन महिन्यांत तो धडे घडाघडा वाचायला लागला. मी खूश. मग एका रात्री लक्षात आलं, तो धडा म्हणत होता आणि पुस्तकात पान भलतंच उघडं होतं. सगळं पाठ केलं होतं पोरानं.

मी चित्र हातानं झाकलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. त्याला ती वाचता येईना. तेव्हा मी जे बोलले ते इथे सांगायला जड जातं. “तुझ्या वयाची असताना मी पेपर वाचायचे. लाज वाटत नाही?” तो रडला नाही. खाली बघत म्हणाला, “आई, तू समोर नसलीस की थोडं थोडं येतं मला.”

तिसरीत त्याच्या वर्गशिक्षिकांनी तपासणी करून घ्यायला सुचवलं. अहवालात डिस्लेक्सिया आलं. बुद्धी उत्तम, नजर आणि कान व्यवस्थित. पण अक्षर आणि त्याचा आवाज यांची सांगड घालताना त्याला इतरांपेक्षा जास्त कष्ट पडत होते. ज्याला मी आळस म्हणत होते ते हे होतं.

त्या वर्षी अण्णा आमच्याकडे राहायला आले होते. एक दिवस नातवाला घेऊन स्वारगेटला गेले आणि त्याला म्हणाले, “चष्मा घरी राहिला रे. सातारची गाडी कुठली, जरा बघ.” चष्मा त्यांच्या खिशात होता. पोरगं तासभर पाट्या वाचत हिंडलं. घरी येऊन मला विचारलं, “दहिवडीत ह आधी म्हणतो, मग वेलांटी आधी का काढायची?” मी गप्प झाले. कारण संगणकातसुद्धा ह आधी साठवतात आणि वेलांटी नंतर. पडद्यावर मात्र ती आधी दिसते. ज्या मुलाला मी लाज काढली होती, त्यानं नेमकं बोट ठेवलं होतं.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. आज तो सातवीत आहे आणि अजून सावकाशच वाचतो. विशेष शिक्षिकांकडे नियमित जातो. घरी आम्ही एक पान मी, एक पान तो, असं वाचतो. वाक्य पूर्ण होईपर्यंत मी तोंड उघडायचं नाही, हा नियम त्यानं घातलाय. शिकवायला शिक्षक आहेत. चुकलं तरी चालेल असा एक ऐकणारा माणूस मात्र घरातच लागतो, आणि तो मी फार उशिरा झाले.

ज्यांची मुलं-नातवंडं लहान आहेत त्यांना एक सांगते. मूल पहिल्या अक्षरावरून अंदाज बांधत असेल, धडे पाठ करत असेल, वाचनाची वेळ झाली की पोट दुखत असेल, तर ओरडण्याआधी तपासणी करून घ्या. ही अक्षमता २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात धरलेली आहे. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. त्यासाठी दहावी उजाडायची वाट बघू नका.

शेवटचं. पाचवीत आपल्या वर्गात तिसऱ्या रांगेत एक मुलगा बसायचा. नाव घेत नाही, तुम्हाला आठवेल. धडा वाचायला उभा राहिला की तोही पहिल्या अक्षरावरून काहीतरी ठोकून द्यायचा आणि आपण हसायचो. मी तर सगळ्यात मोठ्यानं. बाईंना मी दोष देत नाही. साठ मुलांचा वर्ग होता आणि हे काय असतं ते तेव्हा त्यांना सांगायलाही कुणी नव्हतं. घरी आई-वडील दोघं रोजगारावर. त्याचं वाचन ऐकणार कोण? त्याची पतंगाची मांजाची गणितं तोंडी असायची, हे मात्र पक्कं आठवतं. आठवीनंतर तो शाळेत दिसला नाही.

या मेळाव्याच्या यादीत मी त्याचं नाव शोधलं. नाही. कारण यादी दहावीच्या निकालावरून केली आहे. संयोजकांनी फार कष्ट घेतलेत, त्यांच्यावर ही टीका नाही. एक विनंती मात्र आहे. पुढच्या वेळी यादी करताना हजेरीपट पाचवीचा घ्या. त्याला शोधायचं काम मी करते.