भावंडांची वाटणी



भावंडांच्या प्रेमावर बोलायचे म्हटले म्हणजे वक्त्याचे काम सोपे असते. राखी आणि भाऊबीज यांची नावे घेतली की श्रोत्यांचे डोळे आपोआप ओलावतात. परंतु ओवाळणीच्या ताटात या प्रेमाची परीक्षा होत नाही; ती वाटणीच्या कागदावर होते. म्हणून त्या कागदाविषयीच चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

वाटणी बिघडली म्हणजे काय होते, हे नागपूरकरांना सांगायला नको. जानोजी भोसले १७७२ साली वारले. धाकटा भाऊ मुधोजी याचा मुलगा रघूजी त्यांनी दत्तक घेतलेला. त्याच्या नावाने कारभार कोणी करावा, यावरून मुधोजी आणि साबाजी हे भाऊ हातघाईवर आले. १७७५ साली नागपूरजवळ पाचगावच्या लढाईत मुधोजींच्या हातून साबाजी मारले गेले. मुधोजींना कारभार मिळाला, पण भाऊ गेला. आमच्या गावोगाव आजही बांधावरून हेच घडते; फरक इतकाच, की आपल्याकडे फौजा नसतात, वकील असतात.

याच्या उलट उदाहरण आळंदीचे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई ही संन्याशाची मुले म्हणून वाळीत पडलेली. कोणी म्हणेल, त्यांच्याजवळ वाटून घ्यायला होते काय? भांडणार कशावरून? आम्ही म्हणतो, मान होता, आणि मानाची वाटणी जमिनीहून अवघड. धाकट्याची कीर्ती थोरल्याहून मोठी झाली; तरी ज्ञानेश्वरीत ज्ञानदेव पदोपदी निवृत्तिनाथांना गुरू म्हणून वंदन करतात. ज्ञानदेव रुसून ताटी लावून बसले, तेव्हा त्यांना समजावले ते सर्वांत धाकट्या बहिणीने, अशी परंपरा आहे. ताटीचे अभंग तिच्याच नावावर आहेत. मुक्ताबाईला मांडे भाजायला खापर मिळेना, तेव्हा ज्ञानदेवांनी आपली पाठच तापवली, ही आख्यायिका तर पोरासोरांना ठाऊक आहे. चमत्कार कोणी मानो वा न मानो; बहीण रिकाम्या हाताने परत आली, तर भावाने काहीतरी युक्ती काढली पाहिजे, एवढा तिचा अर्थ सर्वांनाच मान्य व्हावा.

आता आपल्या घरांकडे वळू. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलाबरोबरीचा वारसा दिला. पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मतः हक्क मुलाचाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ साली तो मुलींनाही दिला, मात्र आधीच लग्न झालेल्यांना वगळले. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर ही अटही गेली. पुढे ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मुलीचा हा हक्क जन्माचाच आहे. त्यासाठी २००५ साली बाप हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या कायम राहिल्या.

कायदा झाला. पण बाप गेला, वारसांची नावे सातबाऱ्यावर चढायची वेळ आली, की घराघरांत एक कागद निघतो, त्याचे नाव हक्कसोडपत्र. बहिणीला निरोप जातो, ‘एक सही करायची आहे, येऊन जा.’ ती येते, सही करते, साडीचोळी घेऊन परत जाते. भाऊ म्हणतो, तिने राजीखुशीने सोडले. तिने काय सोडले, ते तिला कोणी वाचून दाखवले काय? वावर किती, भाव काय, सोसायटीचे कर्ज किती, हे सांगितले काय? अनेक बहिणी समजून-उमजून हक्क सोडतात. भावाचा संसार तंगीत आहे हे त्या जाणतात. त्यांचे औदार्य वंदनीय आहे. परंतु माहेरचे दार बंद होईल या धास्तीने केलेली सही हे औदार्य नव्हे, ती माहेरात पाऊल टाकण्याची किंमत आहे. आणि बहिणीकडून अशी किंमत घेणाऱ्या भावाने भाऊबीजेला ताटात काय टाकावे, हा प्रश्नच आहे.

‘तुकडे पडले तर शेती बुडेल,’ असे भाऊ सांगतात. अडचण खरी आहे. पण ती बहिणीच्या वाट्यापाशीच का आठवते? दोन भावांत वावर वाटताना तर विहीरही वाटता येतेच. पाण्याच्या पाळ्या ठरतात. आपला कळमेश्वर-काटोलचा भाग संत्र्याचा. एका विहिरीवर दोन बगीचे असले, तर एकाने आंबिया आणि दुसऱ्याने मृग बहार धरावा. मृगाची झाडे मे महिन्यात ताणावर असतात, तेव्हा आंबियाच्या कोवळ्या फळांना पाणी लागते. डिसेंबर-जानेवारीत आंबियाला ताण द्यायचा असतो, तेव्हा मृगाची फळे पाणी मागतात. एकाची गरज सरते तिथे दुसऱ्याची सुरू होते. ही युक्ती ज्या डोक्याला सुचते, त्याला बहिणीचा हिस्सा न तोडताही तिचा वाटा देता येईल: दरसाल उत्पन्नातून द्यावा, हप्त्याने रक्कम द्यावी, किंवा तिचे नाव ठेवून तिच्या संमतीने वहिती करावी.

आम्ही एवढेच सुचवतो. कागद करायचा तर त्यासाठी बहिणीला बोलावू नये, आपण तिच्या घरी जावे. मिळकत आणि कर्ज, दोन्ही तिला वाचून दाखवावे. विचाराला महिनाभर द्यावा. ती ‘नको’ म्हणाली तर तिचे उपकार मानावे. ‘हवा’ म्हणाली तर तो तिचाच आहे, तेव्हा रुसू नये. आणि दोन्ही उत्तरांनंतर येत्या दिवाळीला तिला आणायला त्याच उत्साहाने जावे. हे ज्या घरी घडेल, त्या घरी वाटणी होईल, पण भावंडे वाटली जाणार नाहीत.