कुत्र्याला काम हवं, तेही उन्हाआधी



ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की सोनईत मुळा कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बैलगाड्या दिसू लागतात. वाढ्यासकट गच्च भरलेली गाडी, जुवाखाली मान घातलेली जोडी, आणि दोन चाकांच्या मधोमध, गाडीच्या पोटाखाली चालणारं एक कुत्रं. गाडीखालच्या कुत्र्याला वाटतं गाडा आपणच ओढतो, असा टोमणा आपण सर्रास मारतो. मला त्या कुत्र्याची बाजू घ्यायची आहे. भर दुपारी तापलेल्या डांबरावर सावलीची जागा एकच असते, ती त्यानं बरोबर हेरलेली असते. टोळीबरोबर ते गाव सोडून आलेलं असतं, रात्री कोपीपुढं राखण करतं आणि दिवसा गाडीबरोबर मैलच्या मैल चालतं. कुत्र्याची जात मुळात चालणारी, काम मागणारी आहे. आपण त्याला दारात साखळीला बांधतो आणि मग ते दिवसभर भुंकतं म्हणून त्याच्यावरच वैतागतो.

जगाच्या एका टोकाला मात्र कुत्र्यांनी गाडा खरोखर ओढला. सायबेरियाच्या उत्तरेला झोखोव नावाचं बेट आहे. तिथं सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत कुत्र्यांची हाडं आणि बर्फावरच्या घसरगाडीचे अवशेष सापडले. तिथल्या एका कुत्र्याची जनुकं 2020 साली तपासली, तेव्हा त्याचं नातं ग्रीनलंडमध्ये आजही गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांशी जुळलं. नांगराला बैल जुंपला गेला, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

या कुत्र्यांतलं मला सगळ्यांत आवडणारं नाव टोगो. अलास्कातल्या नोम गावी लिओनहार्ड सेपाला नावाचा गाडीवान होता, त्याच्याकडचं हे पिल्लू. लहानखुरं आणि आजारी, त्यातून खोडकर. गाडीच्या कामाचं नाही म्हणून सेपालानं ते एका घरी पाळायला देऊन टाकलं. पिल्लानं त्या घराच्या खिडकीची काच फोडली आणि थेट सेपालाकडे पळत आलं. पुढं ते मोकळंच गाड्यांच्या मागं धावायचं, कामावरच्या कुत्र्यांना छळायचं. शेवटी निरुपायानं, आठ महिन्यांचं असताना, सेपालानं त्याला इतरांबरोबर जुंपलं. पिल्लू एकदम शांत झालं आणि दिवस मावळायच्या आत पुढाऱ्याच्या जागी जाऊन पोचलं. 1925 च्या जानेवारीत नोममध्ये घटसर्पाची साथ आली. सर्वांत जवळच्या रेल्वे स्टेशनावरून औषध आणायचं, तर मधे हजार किलोमीटरहून जास्त बर्फ. वीस गाडीवानांनी हातोहात ते औषध साडेपाच दिवसांत पोचवलं. त्यातला सर्वांत लांब आणि धोक्याचा, गोठलेल्या समुद्रावरचा टप्पा टोगोनं पुढं राहून काढला. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. न्यूयॉर्कच्या बागेत तेव्हा पुतळा उभा राहिला तो बाल्टोचा, शेवटच्या टप्प्यावरच्या कुत्र्याचा. मला ते अजूनही खटकतं.

आता हे कुत्रं शिकवतात कसं? आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगायला वेळ लागत नाही. नवा खोंड औताला धरायचा तर त्याला एकट्याला कोणी जुंपत नाही, जाणत्या बैलाच्या जोडीला लावतात. कधी ओढायचं, कुठं थांबायचं, तासाच्या टोकाला कसं वळायचं, हे तो शेजाऱ्याच्या अंगावरून शिकतो. घसरगाडीचं पिल्लूही अनुभवी कुत्र्याशेजारीच शिकतं. आधी नुसता हार्नेस अंगावर चढवून त्याला हिंडवतात. मग मागं लाकडाचा एक हलका तुकडा बांधतात, म्हणजे पाठीमागून येणाऱ्या आवाजाची भीती जाते. खरा भार हाडं भरल्याशिवाय देत नाहीत, आणि त्याला एक वर्ष, थोराड जातीत दीड वर्ष लागतं. गाडीवानाच्या हातात कासरा नसतो. ‘जी’ म्हटलं की उजवीकडे, ‘हॉ’ म्हटलं की डावीकडे. सगळा कारभार आवाजावर.

आपल्या जिल्ह्यात आवाजावरचा असाच कारभार धनगरांच्या वाड्यावर बघायला मिळतो. दिवाळीनंतर मेंढ्यांचे कळप निघतात. घोड्यावर बिऱ्हाड, त्या बिऱ्हाडावर कोंबड्या, कोकरं, आणि अधूनमधून कुत्र्याची पिल्लंसुद्धा. मेंढ्या वळवायचं काम मेंढपाळ स्वतःच करतो, शिट्टीनं आणि हाकेनं. कुत्र्याचं काम राखणीचं. रात्री मेंढ्या वाघरीच्या आत आणि कुत्री बाहेर, चारी अंगांना. त्यांना कुणी वर्ग घेऊन शिकवलेलं नसतं. पिल्लू डोळे उघडतं तेच मेंढ्यांच्या वासात, मोठी कुत्री कशावर भुंकतात आणि कशाकडे दुर्लक्ष करतात हे बघत वाढतं. एखादं पिल्लू कोकराच्या मागं लागलं तर मेंढपाळाचा एकच दरडावणीचा आवाज पुरतो, कारण तो त्याच क्षणी येतो. तासाभरानं मारलेली काठी कुत्र्याला काहीही शिकवत नाही.

तेव्हा घरच्या कुत्र्याला बाहेरचं काम शिकवायचं असेल तर त्यासाठी निळ्या डोळ्यांचा हस्की आणू नका. दुहेरी केसांचा तो जीव आपल्या एप्रिल-मेमध्ये नुसता सोसत राहतो. युरोपात गाडीचे शौकीन बर्फ पडायच्या आधी कुत्र्यांचा सराव घेतात, ते कमरेला दोरी बांधून त्यांच्यामागं स्वतः धावतात. हा खेळ आपल्या मुरमाड रस्त्यावर सहज होतो, आणि गावठी कुत्रं किंवा कारवानी त्याला उत्तम. हार्नेस छातीवरून जाणारा घ्या. गळ्यातल्या पट्ट्यानं कधीही ओढायला लावू नका, श्वासनळीवर ताण येतो. शब्द चार-पाचच ठेवा, ‘चल’, ‘थांब’, ‘सोड’, ‘ये’, आणि घरातल्या सगळ्यांनी तेच वापरावेत. ‘ये’ सगळ्यांत आधी पक्का करा. माळावर गवतातून ससा उठला की कारवानीचं रक्त उसळतं. कुत्र्यानं ससा धरणं हा काही शौक नव्हे, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. म्हणून हाकेला वळेपर्यंत दोरी हातातच.

खरा शत्रू ऊन. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजाच्या गाद्यांना, बाकी सगळा भार धापेवर. ओढकामाच्या जनावरांसाठी 1965 चे सरकारी नियम आहेत. पारा 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन बैलाला जुंपायचं नाही, असं त्यात लिहिलेलं आहे. कुत्र्याच्या बाबतीत मी म्हणेन, सकाळी आठनंतर नकोच. निघण्याआधी हाताची मागची बाजू डांबरावर टेकवा. पाच-सात सेकंद ठेववली नाही, तर कुत्र्याचे पायही तिथं टेकवायचे नाहीत. लाळ चिकट झाली, जीभ गडद लाल दिसली, चाल अडखळली, की तिथंच थांबा. सावलीत घ्या, पोटाला आणि मांड्यांना पाणी लावा, वारा घाला, आणि थेट पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

परत आल्यावर पंजे बघणं हा रोजचा नेम. कुत्रं मांडीवर घ्यायचं, बोटं एकेक करून फाकवायची. सराटा लगेच दिसतो, कारण कुत्रं लंगडतं. कुसळ फसवं. केसाएवढं टोक आत शिरतं, मागचे बारीक केस ते परत येऊ देत नाहीत, आणि चार दिवसांनी तिथं पू भरलेली गाठ दिसते. त्यामुळं डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवा, कातडी दाबत दाबत चाचपा. तेवढ्यात कानामागची गोचीडही हाताला लागते.

एक पेच मात्र आपल्या ऊसपट्ट्याचा खास आहे. गारवा पहाटे असतो, आणि बिबट्याही पहाटेच हिंडत असतो. आपल्याच जिल्ह्यात अकोले तालुक्याच्या खोऱ्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्याच्या खाद्यात वजनानं 87 टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला, आणि एकट्या कुत्र्यांचा 39 टक्के. म्हणून पहाट म्हणजे अंधार धरू नका. चांगलं फटफटल्यावर निघा, उसाच्या कडेची पायवाट टाळून मोकळा रस्ता धरा, दोघं-तिघं मिळून जा, कुत्रं दोरीला ठेवा. रात्री त्याला अंगणात बांधून ठेवू नका, आत घ्या. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही.

सरावाला दसऱ्यानंतर सुरुवात करा, रेबीजची लस झालेली आहे ना ते बघून. पहिले पंधरा दिवस नुसतं चालणं, मग थोडं धावणं. शिमगा झाला की ओढकाम बंद. उन्हाळ्यात लिंबाच्या सावलीत भाकरीचे तुकडे लपवा आणि नाकानं शोधायला लावा. अर्ध्या तासात कुत्रं असं दमतं, की पाणी पिऊन तिथंच आडवं होतं.