पायावरील दाब आणि धमन्यांतील रक्तप्रवाह
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही वैद्यकशास्त्राचे पदवीधर नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशा पत्करला आणि ३६ वर्षे मुलांना गणित व शास्त्र शिकविले, एवढीच आमची शिदोरी. तथापि आजचा विषय जितका डॉक्टरांचा आहे, तितकाच तो घरोघरच्या वडीलधाऱ्या मंडळींचाही आहे. आपल्यापैकी कितीएकांचे आयुष्य दुकानात, वर्गात नाहीतर स्वयंपाकघरात उभ्याने गेले. साठी उलटली की पाय सुजतात, शिरा फुगतात, आणि मग कोणी सांगतो, "घट्ट मोजे घाला." हा सल्ला पुष्कळांना हितकर ठरतो आणि काहींचा पाय धोक्यात आणतो. असे का व्हावे, हे समजून घ्यावे म्हणून आजचे हे निवेदन.

शरीरात रक्त नेणाऱ्या वाहिन्या दोन प्रकारच्या असतात. हृदयाकडून रक्त आणतात त्या धमन्या. जुन्या पाठ्यपुस्तकांत त्यांना रोहिणी म्हणत. रक्त हृदयाकडे परत नेतात त्या शिरा, म्हणजेच नीला. धमनी खोल असते, तिची भिंत जाड असते आणि आतला दाब मोठा असतो. शीर पातळ भिंतीची असून सहज दबते. बाहेरून दाब दिला असता प्रथम शीर मिटते आणि धमनी त्यानंतर. हा भेद इंग्लंडातील विल्यम हार्वे यांनी १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दंडाला पट्टी बांधून दाखविला. पट्टी करकचून आवळली तर मनगटाची नाडी बंद पडते आणि हात हळूहळू थंड होत जातो. तीच पट्टी थोडी सैल केली की धमनीतून रक्त येऊ लागते, परंतु शिरा दबलेल्याच राहतात. म्हणून हात लाल होऊन फुगतो. रक्त धमन्यांतून येते व शिरांतून परत जाते, या सिद्धान्तास या साध्या प्रयोगाने मोठे बळ मिळाले.

दाब मोजण्याची युक्ती पुढे याच तत्त्वातून निघाली. इटलीतील रिवा-रोची यांनी १८९६ साली दंडाला गुंडाळण्याची रबरी पिशवी व पाऱ्याची नळी यांचा उपयोग केला, आणि रशियातील कोरोत्कोव्ह यांनी १९०५ साली त्यास कानाने आवाज ऐकण्याची रीत जोडली. पिशवीचा दाब धमनीतल्या दाबाहून अधिक झाला की प्रवाह थांबतो. तो उतरू लागला की रक्त पुन्हा धावते. निरोगी माणसाचा वरचा दाब पाऱ्याच्या सुमारे १२० मिलिमीटर असतो. हा आकडा आपण ध्यानात ठेवू.

आता पायाकडे वळू. आडवे पडले असता पायाच्या शिरांतील दाब १०-१५ मिलिमीटरच असतो. परंतु माणूस स्तब्ध उभा राहिला की हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्ताच्या स्तंभाचे वजन त्यात मिळते आणि तो ८० ते १०० पर्यंत चढतो. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात व रक्त वर ढकलतात, तेव्हा तो पुष्कळ उतरतो. शिरांतील झडपा निकामी झाल्या तर हे काम बिघडते आणि सूज येते. येथे घट्ट मोजा उपयोगी पडतो. अमेरिकेतील कॉनराड जॉब्स्ट या अभियंत्याला स्वतःला शिरांचा विकार होता. पोहण्याच्या तलावात उभे राहिले की पायांना आराम पडतो, हे त्यांच्या ध्यानात आले. पाणी जितके खोल तितका त्याचा दाब अधिक. म्हणून घोट्याशी सर्वांत जास्त व वर क्रमाने कमी दाब देणारा मोजा त्यांनी १९५० च्या सुमारास तयार केला.

अशा मोज्याचा घोट्याशी दाब साधारणपणे २० ते ३० मिलिमीटर असतो, कधी ४० पर्यंतही असतो. निरोगी धमनीत १२० चा जोर असता ३० च्या दाबाने तिचा प्रवाह खुंटत नाही. परंतु तंबाखू, विडी, मधुमेह किंवा वाढलेले वय यांमुळे पायाच्या धमन्या आतून अरुंद झाल्या असतील, तर घोट्याशी दाब ६० च उरलेला असू शकतो. त्यातून मोज्याचे ३० वजा करा, राहिले ३०. हिशेब ढोबळ आहे, पण अर्थ खरा आहे. एवढ्या जोरावर कातडीच्या बारीक वाहिन्यांपर्यंत रक्त पोचणे कठीण. रात्री आडवे झाल्यावर तर उभ्या स्तंभाचा आधारही जातो आणि बोटे उपाशी राहतात. आमच्या माहितीतील एका मधुमेही गृहस्थांनी सूज उतरावी म्हणून कोणास न विचारता असे मोजे विकत आणून रात्रंदिवस घातले. अंगठा काळा पडला, आणि अखेर तो काढावा लागला.

मोज्याऐवजी पट्टी बांधली तर आणखी एक गोष्ट संभाळावी लागते. पट्टीचा ताण तोच असला तरी अवयवाचा घेर जितका लहान तितका दाब अधिक पडतो. म्हणून बारीक घोट्यावर व नडगीच्या हाडावर कापसाची गादी दिल्याशिवाय घट्ट पट्टी बांधू नये.

तर मग दाब हा धमनीचा नेहमी वैरीच काय? तसेही नाही. सतत दाब आणि क्षणभर दाबून सोडलेला दाब, यांचे परिणाम निरनिराळे होतात. पाऊल व पोटरीभोवती हवेची पिशवी बांधून ती मिनिटातून सुमारे तीनदा, काही सेकंदांपुरती, १२० मिलिमीटरपर्यंत एकदम फुगविणारी यंत्रे आहेत. पिशवी फुगली की शिरांतील रक्त वर रेटले जाते. ती सैल होताच शिरा रिकाम्या असतात, आणि धमनीतील रक्त अधिक वेगाने खाली येते. तुंबलेल्या वाफ्यातले पाणी काढून दिले की पाटाचे पाणी जोराने आत शिरते, तसेच हे. शिवाय रक्त वेगाने वाहिले की वाहिनीच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो व वाहिनी रुंदावते. हृदयशूळाच्या काही रोग्यांसाठी असलेल्या दुसऱ्या एका यंत्रात पोटरी, मांडी व नितंब यांवरील पट्टे हृदय विसावा घेते त्याच क्षणी फुगतात व रक्त हृदयाच्या धमन्यांकडे उलट लोटतात. हे सर्व अर्थात तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच.

याच ओघात एका जुन्या चालीविषयी बोलणे अवश्य आहे. साप चावला की मांडीला दोरी करकचून आवळण्याची चाल खेड्यापाड्यांतून अद्याप पुरती गेलेली नाही. हार्वे यांच्या पहिल्या पट्टीप्रमाणे अशी दोरी धमनीच बंद करते. पाय मरू लागतो, आणि दोरी सोडताच साठलेले विष एकदम अंगात पसरण्याचे भय असते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना व आपल्या देशातील वैद्यकीय मार्गदर्शन दोन्ही सांगतात, की दोरी बांधू नये; पाय हलू न देता रोग्यास तात्काळ रुग्णालयात न्यावे.

आता घरी काय पाहावे? सूज संध्याकाळी वाढून पाय उंच ठेवल्याने उतरत असेल, तर दोष बहुधा शिरांचा. चालताना पोटरी दुखून थांबताच बरे वाटत असेल, पाय गार असेल, बोटावरची जखम भरत नसेल, किंवा रात्रीची वेदना पाय खाली सोडल्यावर शमत असेल, तर संशय धमनीचा. पावलाच्या पाठीवर व आतल्या घोट्यामागे नाडी लागते. ती लागत नसेल तर डॉक्टरांना दाखविल्यावाचून मोजा चढवू नये. डॉक्टर घोट्याच्या दाबास दंडाच्या दाबाने भागतात. भागाकार एकाच्या आसपास आला तर ठीक, ०.९ हून कमी आला तर धमनीत रोग समजावा, ०.५ हून कमी असता घट्ट मोजा वर्ज्य. दंडात १४० व घोट्यात ६० असेल तर भागाकार अर्ध्याहूनही कमी येतो, हे चौथीचे मूलही सांगेल. मधुमेहात मात्र धमन्या कडक झाल्याने हा आकडा फसवा, वाजवीपेक्षा मोठा येऊ शकतो. तेव्हा पायाच्या बोटाचा दाब पाहावा लागतो.

आमची कार्यकारी मंडळास एक नम्र सूचना आहे. आपल्या आरोग्य शिबिरात साठीपुढील प्रत्येक सभासदाच्या दंडाबरोबर घोट्याचाही दाब मोजविण्याची व्यवस्था व्हावी. त्यास वेळ थोडा लागतो, खर्च बेताचा येतो, आणि त्यातून एखाद्या वडिलांचा पाय वाचला तर वर्गणीचे सार्थक झाले असे आम्ही समजू. तरुणांनीही आपल्या आईवडिलांसाठी मोजे आणण्यापूर्वी त्यांच्या पावलावर बोट ठेवून नाडी पाहावी.