वारसा कोणाचा, वारसदार कोण?

(अभ्यासवर्गातील भाषणावरून)



'मानवजातीचा अमूर्त वारसा' हे शब्द कानाला गोड लागतात. परंतु वारसा म्हटला की वारसदार आला, आणि त्याच्या पोटापाण्याचा प्रश्नही आला. तो जगाने मिळून कसा सोडवावा, एवढ्यापुरतेच मी आज बोलणार आहे. उदाहरण घेतो केरळातील कूडियाट्टमचे.

संस्कृत नाटकांच्या प्रयोगाची ही परंपरा शतकानुशतके देवळांच्या आवारातील नाट्यगृहांत बंदिस्त होती. पुरुषपात्रे चाक्यारांनी करावयाची, स्त्रीपात्रे नंग्यार स्त्रियांनी. मिळावू हे घटवाद्य नंब्यारांनी वाजवावयाचे. इतरांना शिकण्याची वाट नव्हती. ही व्यवस्था सरंजामी आश्रयावर उभी होती. तो आश्रय ढासळला तेव्हा कलावंतही उघड्यावर पडला. विसाव्या शतकाच्या मध्यास पैंकुळम रामचाक्यार यांनी ही कला देवळाच्या भिंतीबाहेर आणली. १९६५ साली केरळ कलामंडलममध्ये तिचे वर्ग सुरू झाले, तेव्हा चाक्यार नसलेल्या मुलांना आणि पुढे नंग्यार कुळाबाहेरील मुलींनाही शिक्षण मिळू लागले. स्वकीयांचा रोष पत्करून टाकलेले हे पाऊल युनेस्कोच्या घोषणेच्या कितीतरी आधीचे आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण वारसा वाचविण्याचे सारे श्रेय परदेशी प्रशस्तिपत्रांना देण्याची आपल्याला खोड आहे!

ती घोषणा झाली २००१ साली. युनेस्कोने गौरविलेल्या पहिल्या १९ कलापरंपरांत कूडियाट्टम होते, आणि जपानचे नोगाकू नाट्यही होते. पुढे जपानने युनेस्कोकडे ठेवलेल्या निधीतून कूडियाट्टमच्या जतनास साह्य मिळाले. एका जुन्या रंगभूमीच्या देशाने दुसरीला हात द्यावा, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

पण हा अपवाद नियम व्हावा कसा? २००३ च्या युनेस्को करारात शिक्षणाविषयी स्वतंत्र कलम आहे. निधीचीही तरतूद आहे. मात्र सदस्य राष्ट्रावर बंधनकारक वर्गणी युनेस्कोला ते देत असलेल्या नियमित वर्गणीच्या १ टक्क्याहून अधिक असू शकत नाही. एवढ्याशा झोळीत जगभरचे गुरू आणि शिष्य मावावयाचे आहेत.

कूडियाट्टमचा नट घडावयास दहा ते पंधरा वर्षे लागतात. डोळ्यांची हालचाल, श्वासावरील ताबा ही काही पंधरवड्याच्या शिबिरात येणारी विद्या नव्हे. साह्य मात्र बहुधा दोन-तीन वर्षांच्या योजनेपुरते मिळते. महोत्सव होतो, चित्रफीत निघते, पाहुणे परततात. शिष्याचे शिक्षण तेव्हा अर्ध्यावरही आलेले नसते. धनिकांघरच्या मुलाला थांबता येते. शेतमजुराच्या मुलीला घरी परतावे लागते. मग जातीने बंद केलेले आणि कष्टाने उघडलेले दार पैसा पुन्हा लावून घेतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आंतरराष्ट्रीय साह्याचा पहिला रुपया विद्यावेतनावर खर्च व्हावा, तो शिक्षण संपेपर्यंत मिळावा, आणि कोणाला किती वर्षे शिकवावयाचे हे दिल्लीच्या किंवा पॅरिसच्या कचेरीने नव्हे, तर शिकविणाऱ्यांनी ठरवावे. हिशेब जरूर तपासा. पण पहिल्याच वर्षी प्रयोग दाखवा, असे त्या मुलीला सांगू नका.