जुने संगणक, घरचे बिनतारी जाळे आणि आपली चिकाटी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा प्रसंगी शिक्षणाच्या थोर ध्येयांवर बोलण्याची प्रथा आहे. मी मात्र आज एका लहानशा घरगुती विषयावर बोलणार आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी नातेवाइकाकडून आलेला किंवा जुन्या बाजारातून घेतलेला संगणक आहे. तो नव्या राउटरला जोडला जात नाही, दुसऱ्या संगणकाशी बोलत नाही, आणि एक दिवस भंगारवाल्याच्या गाडीवर चढतो. त्याच्याबरोबर मुलांच्या अभ्यासाचे एक साधनही जाते.

आमच्याही घरी हेच होणार होते. माडीवर एक जुना डेस्कटॉप व माजघरात एक लॅपटॉप. दोन्हींवर विंडोज ७. थोरल्या मुलीच्या बारावीच्या टिपणांचा सगळा साठा डेस्कटॉपवर. नवा राउटर बसवला त्या दिवसापासून डेस्कटॉप जोडला जाईना. जाळ्याचे नाव दिसे, पासवर्ड बरोबर, तरी नकार. मी मुलाला हाक मारली, नंतर एका कारागिराला विचारले. दोघांचेही मत पडले, "यंत्र जुने झाले, आता नवीन घ्या." तेवढे पैसे हाती नव्हते. मुलगी मात्र म्हणाली, "अब्बा, विकण्याआधी मला एक दिवस द्या."

तिने पहिले काम कोणते केले? डेस्कटॉप माडीवरून खाली आणला आणि साध्या तारेने राउटरला जोडला. तो तत्काळ चालू लागला. म्हणजे यंत्र धडधाकट होते, दोष बिनतारी भागात होता. पालकहो, एवढ्या एका चाचणीने निम्मा प्रश्न सुटतो. नवा संगणक घेण्याआधी ती अवश्य करावी.

आता दोष कोठे कोठे असू शकतो ते क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट, जाळ्याचे नाव दिसते का? दिसत नसेल तर आधी लॅपटॉपच्या कडेचे बिनतारीचे छोटे बटण पाहा. त्या काळच्या अनेक लॅपटॉपांना ते असे व नकळत बंद होई. नंतर लहरींचा विचार करा. आजचे राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतात. अनेक जुन्या यंत्रांना फक्त २.४ चा पट्टा कळतो. राउटरवर तो बंद असेल तर त्यांच्या दृष्टीने घरात जाळेच नाही. हा पट्टा भिंतीपलीकडे अधिक चांगला पोचतो, परंतु त्यात गर्दीही असते. मायक्रोवेव्ह भट्टी सुरू असताना जोडणी तुटत असेल तर कारण तेच समजावे.

दुसरी गोष्ट, नाव दिसते पण प्रवेश मिळत नाही. आमचा दोष येथेच होता. जाळ्याच्या कुलपाला डब्ल्यूपीए म्हणतात. त्याची दुसरी आवृत्ती २००४ साली आली व तिसरी २०१८ साली. आमचा राउटर फक्त तिसरी स्वीकारत होता आणि विंडोज ७ ला ती येत नाही. मुलीने राउटरच्या सेटिंगमध्ये दुसरी व तिसरी अशी मिश्र निवड केली. डेस्कटॉप जोडला गेला. मात्र यासाठी डब्ल्यूईपी हे जुनाट कुलूप कधीही लावू नका. ते सहज फुटते.

तिसरी गोष्ट, यंत्राला पत्ता मिळाला का? काळ्या पडद्यावर आयपीकॉन्फिग ही आज्ञा द्यावी. घरच्या जाळ्यात पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही, यंत्राने स्वतःच एक घेतला आहे. अशा वेळी राउटर व संगणक बंद करून पुन्हा सुरू करावेत.

चौथी गोष्ट, यंत्रे एकमेकांपर्यंत पोचतात का? पिंग या आज्ञेने आधी राउटरला हाक द्यावी, मग दुसऱ्या संगणकाला. आमच्याकडे राउटर उत्तर देई, दुसरे यंत्र देत नसे. याचा अपराधी मी निघालो. मुलांच्या हाती मुख्य पासवर्ड नको म्हणून मी लॅपटॉप पाहुण्यांच्या जाळ्यावर जोडून दिला होता. पाहुण्यांचे जाळे घरातील इतर यंत्रांपासून अलग ठेवलेले असते. माझ्या अविश्वासाची ती भिंत मुलीच्या टिपणांच्या आड आली होती. मी मुख्य पासवर्ड तिला दिला.

पाचवी गोष्ट, विंडोजची स्वतःची राखण. जाळे 'सार्वजनिक' म्हणून नोंदले असेल तर ती बाहेरची हाक अडवते. घरच्या जाळ्याला 'होम' निवडावे, हवे तेच फोल्डर सामायिक करावे आणि त्या यंत्रावरील खात्याला पासवर्ड ठेवावा. रिकाम्या पासवर्डच्या खात्याने दूरून प्रवेश सहसा मिळत नाही.

एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. विंडोज एक्सपीची देखभाल २०१४ साली थांबली व विंडोज ७ ची २०२० साली. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत. एक्सपीशी नवे संगणक फाइली वाटून घेत नाहीत, कारण त्याची एसएमबी-१ ही जुनी पद्धत आता मुळातच बंद ठेवलेली असते. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या घातक प्रोग्रामने याच पद्धतीतील एका दोषाचा फायदा घेऊन जगभरचे संगणक वेठीस धरले होते. म्हणून ती पुन्हा सुरू करण्यापेक्षा पेनड्राइव्ह वापरणे बरे.

विद्यार्थी मित्रांनो, एका वेळी एकच बदल करा, तो वहीत लिहा आणि मगच पुढे जा. दहा बटणे एकदम फिरवली तर काम झाले तरी ते कशाने झाले हे कळत नाही.

पालकहो, आपल्याला शेवटची एक विनंती. घरात काही बिघडले की आपण मुलाला हाक मारतो. मीही तेच केले. यापुढे मुलीलाही हाक मारा, तिच्या हाती यंत्र द्या, आणि तिने एक दिवस मागितला तर तो द्या. आमच्या घरी त्या संध्याकाळी माडीवरची टिपणे माजघरात उघडली आणि धाकटाही शेजारी वाचायला बसला.