बंदुकीचा धक्का आणि खांद्याची गादी



भिंगारला बंदुकीची ओळख करून देणें म्हणजे नदीकांठच्या माणसाला पाणी दाखविण्यासारखें आहे. गांव छावणीच्या कुशींत वाढलें. नगरचा भुईकोट किल्ला हाकेच्या अंतरावर. आणि १९९४ सालीं लष्करानें नगरास रणगाड्यांचें संग्रहालयहि उघडलें. तेथें मुलांना घेऊन गेलेल्या वडिलांना एक प्रश्न बहुधा ऐकावा लागतो : एवढी तोफ उडाल्यावर आंतला शिपाई मागें कसा फेकला जात नाहीं? उत्तर सोपें आहे. गोळा पुढें सुटतांच तोफेची नळी मागें सरकते, आणि तेलानें भरलेलें नळकांडें तिला हळूहळू थोपवितें. धक्का नाहींसा होत नाहीं. तो अधिक वेळांत वांटला जातो, इतकेंच.

खांद्यावरून उडविण्याच्या बंदुकीला असें नळकांडें नसतें. तेथें काम करते ती दस्त्याच्या टोंकाशीं बसविलेली रबरी गादी. आज तिच्याविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत.

आजोबांच्या वेळची दुनळी बारा बोर बंदूक कांहीं घरांत अजून आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा शौक संपला. पण उडत्या तबकड्यांवर नेम धरण्याचा खेळ आहे, आणि त्याच खेळांत राज्यवर्धनसिंह राठोड यांनीं २००४ सालीं अथेन्सच्या ऑलिंपिकमध्यें रौप्यपदक मिळविलें. समजा, घरांतली मुलगी हा खेळ शिकूं लागली. पहिल्याच दिवशीं खांदा काळानिळा झाला, तर दुसऱ्या दिवशीं चाप ओढण्यापूर्वींच तिचे डोळे मिटतात. खांद्याचा डाग आठवड्यांत जातो. डोळे मिटण्याची खोड मात्र वर्षानुवर्षें जात नाहीं. म्हणून उपाय आधींच केलेला बरा.

धक्का केवढा असतो? ३२ ग्रॅम छर्रे सेकंदास सुमारें ३६५ मीटर वेगानें सुटले, तर सव्वातीन किलो वजनाची बंदूक सेकंदास सुमारें ४ मीटर वेगानें मागें येते. बंदूक जड असेल तर हा वेग कमी. छर्रे कमी असतील तरीहि कमी. ऑलिंपिकच्या खेळांत २४ ग्रॅमचेंच काडतूस चालतें. तेव्हां पहिला उपाय हलकें काडतूस, आणि दुसरा गादी.

गादी निवडतांना अति मऊपणास भुलूं नये. अंगठ्यानें दाबतांच जी तळाला टेंकते, ती ऐन वेळीं लांकडासारखीच लागते. पृष्ठभाग अगदीं चिकट असेल तर बंदूक उचलतांना ती कपड्यांत अडकते. म्हणून वरची कड गोल व गुळगुळीत असावी. जाडी अर्ध्या इंचापासून एक इंचापर्यंत मिळते.

आतां मुख्य हिशेब. चापापासून दस्त्याच्या टोंकाच्या मध्यापर्यंतचें अंतर नेमबाजाच्या अंगास जुळलें पाहिजे. दस्ता साडेचौदा इंचांचा आहे, मुलीला साडेतेरा हवा, आणि गादी एक इंचाची आहे. तर लांकूड किती कापावें? पुष्कळजण एक इंच म्हणतील. उत्तर दोन इंच असें आहे. कारण गादीची जाडी पुन्हां लांबींत मिळते. उलट दस्ता आधींच आंखूड असेल, तर करवत न लावतां गादीनेंच लांबी पुरी होते.

कापलेलें लांकूड परत जोडलें जात नाहीं. म्हणून प्रथम चामड्याची, वरून चढविण्याची गादी घालून कांहीं दिवस सराव करावा. अंगाला कोणतें माप मानवतें तें कळतें. मूल वाढत्या वयाचें असेल तर करवतीची घाई मुळींच नको.

काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावें. बंदुकीच्या दुरुस्तीस १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वयें परवाना लागतो. आपण मात्र जवळ उभें राहून चार गोष्टी पाहाव्या. बंदूक रिकामी आहे याची खात्री प्रथम. कापण्याच्या रेषेवर चिकटपट्टी आहे काय? नसल्यास अक्रोडाच्या लांकडाच्या ढलप्या उडतात. दस्त्याच्या टोंकाचा मूळचा कल राखला आहे काय? तो बिघडला तर बंदूक उडतांना खांद्यावरून वर किंवा खालीं घसरते. जुनीं भोकें नव्या भोकांच्या आड येत असतील, तर तीं कठीण लांकडाच्या खुंट्या सरसानें बसवून बुजविलीं पाहिजेत. आणि कापलेल्या उघड्या लांकडाला गादी बसविण्यापूर्वीं रोगण दिलें पाहिजे. नाहींतर पावसाळ्यांत तें पाणी पितें व फुगतें. कड घांसून सारखी करतांना दस्त्याच्या जुन्या रोगणास ओरखडा येऊं नये, एवढें कारागिरास आधींच सांगून ठेवावें.

रबर कायमचें नसतें. कांहीं वर्षांनीं तें कडक होतें, त्यास भेगा पडतात. नख रुतेनासें झालें कीं गादी बदलावी.

काम झाल्यावर कापलेला तुकडा कारागिराकडून मागून घ्यावा. आजोबांच्या हातानें गुळगुळीत झालेलें तें लांकूड आहे. घरांत जपून ठेवावें. आणि बंदूक मुलीच्या हातीं द्यावी, तेव्हां तबकडीकडे न पाहतां पहिल्या कांहीं बारांना तिच्या डोळ्यांकडे पाहावें. ते उघडे राहिले, तर माप बरोबर आलें असें समजावें.